हाक कोणी ऐकायची?

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्यातील कोणत्याही गावाच्या वेशीपासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. तेव्हा समुद्रावरील नौकांनी बिनतारी यंत्रावरून एकमेकींना हाक कशी मारावी, याची चर्चा जिंतूर, सेलू, गंगाखेड वा पालमच्या कार्यकर्त्याने का करावी, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. शिवाय हे यंत्र आज ज्यांच्या हाती सर्वांत अधिक शोभते ते लोक हौसेखातर मासे धरणारे आहेत. रविवारच्या सकाळी स्वतःची मोटरबोट पाण्यात लोटावी, गळ टाकावा, दुसऱ्या बोटीतील मित्राला यंत्रावरून विचारावे की तिकडे मासा लागतो काय, आणि सायंकाळी घरी परतावे, असा हा छंद. ज्या जिल्ह्यात दुष्काळ आणि अतिवृष्टी आळीपाळीने दार ठोठावतात, तेथे या छंदाची उठाठेव कशासाठी?

तथापि प्रश्न छंदाचा नाही. संकटात सापडलेल्या माणसाची हाक कोणी ऐकायची, ती ऐकण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली व कोणाला मोकळे सोडले, हा प्रश्न आहे. तो समुद्राला जितका लागू आहे तितकाच येलदरीच्या जलाशयालाही लागू आहे.

लाल बटणाची करामत

प्रथम हे यंत्र काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. समुद्रावरील नौका अतिउच्च कंप्रतेच्या बिनतारी संचावरून बोलतात. त्यातील १६ क्रमांकाचा चॅनेल संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखून ठेवलेला आहे. पूर्वी या चॅनेलवर कोणीतरी कान लावून बसणे हाच एक उपाय होता. बोलणारा बोलत असे. ऐकणारा जागा असेल, जवळ असेल आणि गोंगाटातून शब्द उमगला, तर मदत मिळत असे.

या पद्धतीत भर म्हणून ‘डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग’, म्हणजे अंकांच्या भाषेतील निवडक हाक, ही व्यवस्था आली. तिच्यासाठी ७० क्रमांकाचा चॅनेल स्वतंत्र ठेवला गेला. त्यावर कोणी तोंडाने बोलत नाही. संचच संचाशी बोलतो. प्रत्येक नौकेला नऊ अंकी ओळख क्रमांक मिळतो. भारतीय नौकांचे क्रमांक ४१९ या अंकांनी सुरू होतात. एखाद्या नौकेचा क्रमांक ठाऊक असला म्हणजे टेलिफोनप्रमाणे तिलाच घंटी देता येते, आणि मग दोघांनी दुसऱ्या मोकळ्या चॅनेलवर जाऊन बोलावे. मित्रमंडळींच्या दहा बोटींचा एक गट करून त्या सर्वांना एकदम घंटी देता येते. दुसऱ्या बोटीचे ठिकाणही तिच्या संचाकडून मागवता येते. हौशी मासेमारांना या सोयीचे आकर्षण वाटते ते याचसाठी: साऱ्या समुद्राने ऐकावे अशी आरोळी न ठोकता आपल्याच माणसाशी बोलता येते.

परंतु त्याच संचावर झाकणाखाली एक लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की संच आपणहून नौकेचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ हवेत सोडतो. ही हाक कोणा एकाला उद्देशून नसते. टप्प्यातील प्रत्येक संचावर कर्कश घंटा वाजते; माणूस झोपलेला असो वा जेवत असो, संच जागा असतो. आणि विशेष हे की, हाक पोहोचल्याची पावती येईपर्यंत पीडित नौकेचा संच दर सुमारे चार मिनिटांनी तीच हाक पुन्हा देत राहतो. निरुत्तर राहणे या यंत्राला मान्य नाही. ज्या कोणी त्याची रचना केली त्यांनी एक साधे तत्त्व त्यात बसवले आहे: हाक तेव्हाच पुरी होते, जेव्हा कोणीतरी ‘ऐकले’ असे उलट सांगतो.

एकाच पेटीत अशा दोन वृत्ती शेजारीशेजारी नांदतात. एक आपल्यापुरते बोलण्याची, दुसरी सर्वांना बोलावण्याची. समाजाची परीक्षा या दोहोंपैकी कोणती सोय तो अधिक जपतो यावरून होते.

तत्त्व आले कोठून?

हे तत्त्व कोणा कारखानदाराच्या औदार्यातून आलेले नाही. ते बुडालेल्या माणसांनी मिळवून दिलेले आहे. १९१२ च्या एप्रिल महिन्यात ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे जहाज फार दूर नव्हते. त्यावर बिनतारी यंत्र होते. पण ते चालवणारा एकच माणूस होता आणि दिवसभराचे काम संपवून तो झोपला होता. दीड हजारांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९१४ साली सागरी सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि बिनतारी यंत्रावर अखंड पहारा ठेवण्याचा आग्रह जगाने धरला. पुढे १९९२ ते १९९९ या काळात जागतिक सागरी संकट व सुरक्षा व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू झाली. माणसाच्या कानावर असलेला भार यंत्राकडे सोपवणारी निवडक हाक ही त्या व्यवस्थेचा एक आधारस्तंभ आहे.

महाराष्ट्राला तर याहून जवळचा धडा मिळालेला आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. अवसेसाठी घरी निघालेले चाकरमानी आणि कोकणातील साधी कुटुंबेच त्यांत अधिक होती. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईच्या इतक्या जवळ एवढा अनर्थ घडला, पण मुंबईला त्याची वार्ता कित्येक तास लागली नाही. जी माणसे वाचली त्यांतली पुष्कळशी रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतली म्हणून वाचली. ज्यांच्यापाशी यंत्र नव्हते, परवाना नव्हता, कसला हुद्दा नव्हता, त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि ते धावले.

आता या घटनेशेजारी दुसरी ठेवून पाहावी. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी धरणाच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात माणसे होती. त्यांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला बातमी कळली. उरलेले सहाजण मेले. त्यांत लहान मुलेही होती. १९४७ आणि २०२४ यांच्यामध्ये ७७ वर्षे गेली. या काळात देशाने उपग्रह सोडले, खिशाखिशात टेलिफोन आले. पण पाण्यावर बुडणाऱ्या गरीब माणसाचा निरोप काठावर आणायला अजून माणसालाच पोहावे लागते. उजनीला समुद्र नाही. परभणीलाही नाही. म्हणूनच परभणीकरांनी हा विषय आपला मानला पाहिजे.

कायद्याचे माप

मग एवढे चांगले यंत्र असताना ते सर्वांच्या हाती का नाही? उत्तर कायद्याच्या मापात आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनी ही व्यवस्था सक्तीची केली ती प्रवासी जहाजांवर आणि ३०० टनांहून अधिक मोठ्या मालवाहू जहाजांवर, तीही आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी. मालाचा विमा उतरवणाऱ्यांना आणि जहाजांच्या मालकांना तिची गरज समजत होती. मासेमारी नौका या मापातून प्रथमपासूनच बाहेर राहिल्या. जीव सारखाच असला तरी त्याचे मोल टनांवर ठरले.

याच्या दुसऱ्या टोकाला श्रीमंत देशांतील हौशी बोटवाले आहेत. अमेरिकेत १९९९ पासून बोटीवर बसवायच्या नव्या संचांत ही सोय असणे बंधनकारक झाले आणि त्यामुळे ती लाखो हौशी लोकांच्या हाती आयती आली. त्यांनी तिचे काय केले? २०१० साली तेथील तटरक्षक दलाला जाहीर इशारा द्यावा लागला की, मिळणाऱ्या संकटहाकांपैकी दहातल्या सुमारे नऊ हाकांत नौकेचे ठिकाणच नसते आणि दहातल्या सुमारे सहा हाका देणाऱ्यांच्या क्रमांकाची नोंदच झालेली नसते. ठिकाण सांगणारे उपकरण बोटीवरच असते. ते संचाला तारांनी जोडण्याचे कष्ट मालकाने घेतलेले नसतात. क्रमांक मिळवण्यासाठी भरायचा अर्ज भरलेला नसतो. मित्राला घंटी कशी द्यावी हे मात्र शिकून झालेले असते. वर बटणाला चुकून हात लागून सुटणाऱ्या खोट्या हाका इतक्या की, त्यांना कंटाळून ऐकणारेच घंटीचा आवाज बंद करतात.

यातून दोन गोष्टी निघतात. यंत्र विकत घेतल्याने सुरक्षितता विकत मिळत नाही, ही पहिली. नोंद, शिक्षण, सराव आणि पलीकडे बसलेला जागा माणूस यांची जोड नसेल तर लाल बटण म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू आहे. आणि ही जोड बाजारात मिळत नाही, ती समाजानेच उभारावी लागते, ही दुसरी. ज्याला गरज नाही त्याच्या हाती यंत्र आहे पण शिस्त नाही. ज्याच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे त्याच्या हाती यंत्र नाही, असा हा उफराटा व्यवहार आहे.

पाळत की पाठराखण?

भारतातील मच्छीमाराला काहीच मिळाले नाही असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तटरक्षक दलासाठी घडवलेले उपग्रहाधारित संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आले आणि वीस हजारांहून अधिक यंत्रे मच्छीमारांच्या नौकांवर गेली. किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यापासून साधारण वीस ते तीस सागरी मैलांपलीकडे नेहमीचा बिनतारी संच निरुपयोगी ठरतो; तेथे उपग्रहच कामाला येतो. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक संस्थेने, गरिबासाठी केलेले हे काम अभिमानास्पद आहे. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीत एक उणीव होती: हाक पोहोचली की नाही हे बुडणाऱ्याला कळत नसे. बटण दाबायचे आणि काळोखात वाट पाहायची. ही उणीव दूर करून उलट उत्तर देणारी दुसरी आवृत्ती २०२४ च्या आरंभी जाहीर झाली. श्रीमंतांच्या संचात ‘ऐकले’ हा शब्द आरंभापासून होता; गरिबाच्या यंत्रात तो यायला चौदा वर्षे लागली.

या मधल्या काळात काय घडले? २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आले, तेव्हा केरळ व तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार खोल समुद्रात होते. इशारा निघाला तेव्हा ते केव्हाच निघून गेले होते आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे साधन नव्हते. कित्येक परतले नाहीत. वाऱ्याने रेटलेल्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांना घेऊन सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या आणि तेथे त्यांना आसरा मिळाला. तोवर त्यांच्या घरच्यांनी काय भोगले असेल याची कल्पना गोदावरीच्या पुरात आपला माणूस अडकलेल्या कुटुंबालाच येऊ शकेल.

राज्यसंस्थेचे लक्ष लहान नौकेकडे सर्वांत आधी गेले ते कोणत्या निमित्ताने, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईजवळ आले. त्यानंतर नौकांना रंग ठरवून दिले गेले, मच्छीमारांना ओळखपत्रे दिली गेली आणि वीस मीटरहून लांब नौकांवर ठिकाण सांगणारी यंत्रे सक्तीची झाली. देशाच्या रक्षणाची ती गरज होती, यात वाद नाही. पण मच्छीमार संकटात आहे म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले नाही; तो स्वतःच संशयास्पद असू शकतो म्हणून पाहिले गेले. नौका कोठे आहे हे सरकारला कळावे, एवढाच यंत्राचा हेतू असेल तर ती पाळत झाली. नौकेने बोलावल्यावर सरकारने यावे असा हेतू असेल तर ती पाठराखण झाली. यंत्र एकच, फरक पडतो तो त्याच्या पलीकडे बसलेल्याच्या कर्तव्यात.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर दुहेरी संदेशाची उपग्रह यंत्रे बसवण्याच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा आरंभ झाला. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र मच्छीमाराच्या मनात एक भीती असते आणि ती निराधार म्हणता येणार नाही: आपली मासे मिळण्याची ठिकाणे उघडी पडतील, हद्द चुकली तर याच यंत्राच्या नोंदीवरून दंड बसेल. त्या भीतीपोटी यंत्र बंद ठेवले गेले, तर ऐन वादळात ते बंदच राहील. म्हणून बचावासाठी दिलेल्या यंत्राची माहिती बचावासाठीच वापरली जाईल, अशी कायद्याची स्पष्ट हमी समाजवादी चळवळीने मागितली पाहिजे. विश्वासावाचून दिलेले यंत्र नौकेच्या कोपऱ्यात गंजून जाते.

येलदरीचा तराफा

आता परभणीकडे वळावे. पूर्णेवरील येलदरी, सेलू तालुक्यातील निम्न दुधना, गंगाखेडजवळचे मासोळी ही धरणे आणि गोदावरीवरील ढालेगाव, मुदगल, डिग्रस हे बंधारे यांच्या पाण्यावर मासेमारी करून पोट भरणारी भोई समाजाची आणि इतरही भूमिहीन कुटुंबे आहेत. मराठवाड्यातील धरणांवर मच्छीमार कशावर बसून जाळे टाकतो? अनेकदा थर्माकोलच्या तराफ्यावर, नाहीतर फुगवलेल्या ट्यूबवर. अंगात तरंगते जाकीट नसते. रात्री जाळे टाकायचे, पहाटे काढायचे. अवकाळी वारा सुटला तर पाण्यावर एकटा माणूस, आणि काठ दूर. मोबाईल भिजलेला असतो किंवा त्याला रेंज नसते. रेंज असली तरी मोबाईल एकाच माणसाला घंटी देतो. तो एक झोपला असेल तर ‘कॅलिफोर्नियन’चीच कथा पुन्हा घडते.

या माणसाच्या हाती उद्या समुद्रावरचा तो निवडक हाकेचा संच दिला तर तो वाचेल काय? वाचणार नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. येलदरीच्या काठावर ती हाक ऐकणारे केंद्रच नाही. ऐकणाऱ्यावाचून हाकेला अर्थ नाही. म्हणून ‘मच्छीमारांना आधुनिक यंत्रे द्या’ अशी घोषणा करून ठेकेदाराच्या खरेदीला वाट करून देणे हा मार्ग नव्हे. खरेदी होईल, छायाचित्र छापून येईल आणि पेट्या तहसील कचेरीच्या खोलीत पडून राहतील. डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्रांचा आग्रह धरीत असत. यंत्र माणसाच्या आवाक्यातले आणि त्याच्या कामाला जुंपलेले असावे, असा त्यामागचा विचार होता. येलदरीला हवे आहे ते यंत्र महाग नाही. हवी आहे ती व्यवस्था.

समुद्रावरील व्यवस्थेतून घ्यायची आहेत ती तिची तत्त्वे. पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाची ओळख व ठिकाण काठावर ठाऊक असणे, हे पहिले. हाक एकाला न जाता सर्वांना जाणे, हे दुसरे. ऐकणारा चोवीस तास जागा असणे, हे तिसरे. आणि ‘ऐकले, निघालो’ असे उत्तर परत जाणे, हे चौथे. या चारही गोष्टी जलाशयाच्या काठावर साध्या साधनांनी साधता येतात. सहकारी संस्थेच्या वहीत पाण्यावर जाणाऱ्याची नोंद आणि परतीची वेळ, जाकीट आणि त्याला बांधलेली शिट्टी व विजेरी, काठावर भोंगा, दोन-चार साधे बिनतारी संच, आणि इंजिन चालू स्थितीत असलेली एक बोट. एवढ्याने उजनीसारखा अनर्थ दर वेळी टळेलच अशी खात्री कोणी देऊ नये; पण निरोप द्यायला कोणाला पोहावे लागणार नाही.

सरकारला हे झेपणारे नाही असे म्हणता येणार नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमार अपघाताने दगावल्यास कुटुंबाला पाच लाख रुपयांचे विमा संरक्षण आहे. ते असलेच पाहिजे. परंतु माणूस मेल्यावर पाच लाख देण्याची तयारी असलेल्या शासनाला तो बुडत असताना ऐकण्यासाठी एक माणूस नेमता येत नाही, हे कोणत्या हिशेबात बसते? २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तो दर्जा केवळ वीजदर आणि कर्ज यांपुरता आहे की मच्छीमाराच्या जिवालाही लागू आहे, याचे उत्तर शासनाकडून घेतले पाहिजे.

अधिकाराच्या हद्दींचाही येथे एक गुंता आहे. येलदरीच्या जलाशयाचा एक काठ परभणी जिल्ह्यात आणि दुसरा हिंगोली जिल्ह्यात येतो. १ मे १९९९ पर्यंत दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. धरण पाटबंधारे खात्याचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, माणूस महसूल खात्याचा, आणि प्रेत पोलिसांचे, अशी वाटणी झाली म्हणजे जिवंत माणसाची हाक कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण नेमले आणि जिल्हाधिकाऱ्याला त्याचे अध्यक्षपद दिले ते हाच गुंता सोडवण्यासाठी. ते प्राधिकरण पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीपुरते उरू नये हे पाहणे लोकांच्या चळवळीचे काम आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गोदावरीकाठच्या गावांनी पूर भोगला. पुरात गावकऱ्यांना बाहेर काढण्यासाठी पाण्याची जाण असलेला भोईच उपयोगी पडतो. जो इतरांना वाचवतो त्याच्या स्वतःच्या हाकेची व्यवस्था नसावी, ही कृतघ्नता आहे.

काय मागावे, काय करावे

येथून पक्षकार्यकर्त्यांचे काम सुरू होते. जिल्ह्यातील प्रत्येक मोठ्या जलाशयावर चोवीस तासांचे श्रवणकेंद्र असावे आणि त्यावर स्थानिक मच्छीमार तरुणांची पगारी नेमणूक व्हावी, ही पहिली मागणी. तरंगती जाकिटे मच्छीमार संस्थांच्या सभासदांना मोफत मिळावीत आणि तलावाचा ठेका ज्याला दिला जातो त्याच्यावर करारानेच सुरक्षासाधनांची जबाबदारी टाकावी, ही दुसरी. ठेकेदार माशाच्या वजनाचा हिशेब ठेवतो. पाण्यावर गेलेल्या आणि परतलेल्या माणसांचा हिशेबही त्याने ठेवला पाहिजे. दोन जिल्ह्यांत पसरलेल्या जलाशयांसाठी दोन्ही प्राधिकरणांनी एकच संयुक्त व्यवस्था करावी, ही तिसरी. प्रवासी होड्यांना जाकीट व संपर्कसाधन यांवाचून पाण्यात सोडू नये, ही चौथी. आणि किनाऱ्यावरील बांधवांसाठी, बचावयंत्राची नोंद दंडासाठी वापरली जाणार नाही ही कायदेशीर हमी, ही पाचवी मागणी परभणीच्या कार्यकर्त्यांनीही तितक्याच आग्रहाने करावी. कोळी आणि भोई यांचे पाणी वेगळे असले तरी दुःख वेगळे नाही.

मागण्यांबरोबर स्वतः करण्याजोगे कामही आहे. निवेदन देऊन परतणारा कार्यकर्ता मच्छीमाराला ओळखीचा आहे. पहाटे काठावर येऊन नोंदवही सुरू करून देणारा अजून त्याने पुरेसा पाहिलेला नाही. एका जलाशयावर, एका संस्थेत, एका पावसाळ्यापुरता हा प्रयोग केला तरी पुढील मागणीला त्यातून बळ येईल. वर्षातून दोनदा सराव घ्यावा: भोंगा वाजवावा, बोट काढावी, किती मिनिटांत निघाली ते सर्वांसमोर लिहावे. हौशी बोटवाल्यांच्या बाबतीत जगाने पाहिले ते येथे होऊ नये. साधन आले पण सराव नाही, अशी गत होऊ नये.

शेवटी पुन्हा त्या लाल बटणाकडे यावे लागते. बाजाराला आवडते ती निवडक हाक: ज्याचा क्रमांक ज्याच्यापाशी आहे त्याने त्यालाच बोलवावे, बाकीच्यांनी ऐकू नये. आजच्या समाजाची घडण पुष्कळशी तशीच झाली आहे. ज्याची ओळख मंत्रालयात आहे त्याची घंटी मंत्रालयात वाजते. ज्याची कोठेच ओळख नाही तो हवेत हात हलवीत राहतो. समाजवादाची हाक दुसऱ्या जातीची आहे. ती कोणाच्या ओळखीवर अवलंबून नसते, टप्प्यातील प्रत्येकाला जागे करते आणि उत्तर येईपर्यंत थांबत नाही. १९४७ साली रेवसच्या कोळ्यांनी यंत्रावाचून ती ऐकली. येलदरीच्या काठावर ती ऐकू यावी यासाठी कोणीतरी बसले पाहिजे, आणि त्याला तेथे बसवण्याचे काम पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी झाले पाहिजे.